ड्रॅगन फ्रूटची रोपं घरच्या घरी कशी करायची? फांदी कुणाची घ्यायची, किती दिवस वाळवायची, पाणी कधी द्यायचं

जत, आटपाडी, सांगोला, माण या आपल्या दुष्काळी पट्ट्यात आता रस्त्यानं जाता-येता सिमेंटच्या खांबांवर छत्रीसारखं पसरलेलं हिरवं झाड दिसायला लागलंय. ड्रॅगन फ्रूट. २०२१ च्या जानेवारीत गुजरात सरकारनं त्याला 'कमलम' असं नाव दिलं आणि त्याच वर्षी जूनमध्ये आपल्या सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यातल्या तडसर गावचं ड्रॅगन फ्रूट दुबईला गेलं. पाणी कमी लागतं, हलक्या मुरमाड रानात येतं, जनावर फारसं तोंड लावत नाही. त्यामुळं पारावर, सोसायटीत, बाजारात हाच विषय. आणि पहिला प्रश्न ठरलेला, "रोप केवढ्याला बसतं?"

हिशेब साधा आहे. दहा बाय दहा फुटांवर खांब धरला तर एकरात ४३५ खांब बसतात. एका खांबाला चार रोपं म्हणजे १,७४० रोपं. रोप ३० रुपयाला धरलं तरी ५२ हजारांच्या वर जातात. खांब, वरच्या रिंगा, ठिबक, मजुरी वेगळीच. तेव्हा रोपं घरी करता आली तर छोट्या शेतकऱ्याचा भार बराच हलका होतो. आणि ती करता येतात. बायामाणसं, शाळेतली पोरंसुद्धा करू शकतात, इतकं ते सोपं आहे.

पण एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. हे झाड एकदा लावलं की पंधरा-वीस वर्षं रानात राहतं. रोप फुकट मिळालं म्हणून कुठलीही फांदी आणून लावली, तर ती चूक पुढची वीस वर्षं सांभाळावी लागते. म्हणून रोप कसं करायचं याच्या आधी फांदी कुणाची घ्यायची हे बघू.

मुळात हा निवडुंगच आहे

ड्रॅगन फ्रूट हा निवडुंगाच्या कुळातला वेल आहे. त्याचं मूळ गाव मेक्सिको आणि मध्य अमेरिका. दिसायला तो आपल्या बांधावरच्या त्रिधारी निवडुंगासारखा दिसतो, पण तो आणि हा एक नव्हे. त्रिधारी कापला की पांढरा चीक गळतो. ड्रॅगन फ्रूट कापलं तर चीक येत नाही, नुसतं बुळबुळीत पाणी येतं. त्याचा खरा भाऊबंद म्हणजे फड्या निवडुंग.

फड्याचं एक पान तुटून माळावर पडलं की काय होतं ते सगळ्यांनी बघितलंय. कुणी खड्डा काढत नाही, पाणी घालत नाही, तरी ते पडल्या जागी मुळं सोडतं. ड्रॅगन फ्रूटचंही तसंच. त्याच्या मांसल फांदीत पाणी साठलेलं असतं, त्या जोरावर ती काही आठवडे मुळाशिवाय तग धरते. म्हणूनच गुलाबाची काडी किंवा ऊस लावतो तसा हा लावायचा नसतो. तिथं ओल टिकवायची असते. इथं आधी जखम सुकवायची, मग ओल दाखवायची. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली की पुढचं सगळं आपोआप समजतं.

बी का नको?

फळातलं काळं बारीक बी मातीत टाकलं तर आठ-पंधरा दिवसांत उगवतं. पोरांना दाखवायला छान. पण बियाचं झाड फळावर यायला चार-पाच वर्षं, कधी त्याहून जास्त लावतं, आणि आईसारखंच फळ देईल याची खात्री नाही. फांदीचं रोप म्हणजे त्याच झाडाचा तुकडा. फळ तेच, चव तीच, आणि शेतात लावल्यापासून साधारण दीड वर्षात पहिली फळं दिसायला लागतात.

फांदी कुणाच्या रानातली घ्यायची?

पहिला नियम, ज्या झाडाचं फळ डोळ्यांनी बघितलं आणि कापून खाल्लं, त्याचीच फांदी घ्यायची. गर पांढरा आहे का लाल, हे फांदीकडं बघून भल्या-भल्यांना सांगता येत नाही. रोपं लाल म्हणून घेतली आणि दोन वर्षांनी फळ कापल्यावर पांढरं निघालं, असं झालेले शेतकरी आपल्याच भागात भेटतात. तोवर खांब, खत, दोन उन्हाळ्यांचं पाणी सगळं घालून झालेलं असतं. म्हणून ऑगस्ट-सप्टेंबरात फळं चालू असताना रानात जायचं, चांगल्या झाडांना रंगीत दोरी बांधून ठेवायची आणि छाटणीच्या वेळी त्याच झाडांच्या फांद्या मागायच्या.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आणि ती फार कुणी सांगत नाही. लाल गराच्या काही जाती अशा आहेत की त्यांच्या फुलाला स्वतःचा पराग चालत नाही. शेजारी दुसऱ्या जातीचं झाड असेल तरच फळ धरतं. आता एका झाडापासून तुम्ही शंभर रोपं केली तरी ती सगळी मिळून एकच झाड आहे, कारण सगळे त्याचेच तुकडे. जात जर अशी असेल तर पूर्ण प्लॉट फुलानं भरेल आणि फुलं पिवळी पडून गळतील. म्हणून ज्याची फांदी घेताय त्याला सरळ विचारा, "तुमच्याकडं एकच जात आहे का दोन-तीन? रात्री हातानं पराग लावता का?" त्याच्याकडं एकाच जातीचा प्लॉट असेल आणि काही न करता भरपूर फळ धरत असेल तर निर्धास्त घ्या. नसेल तर त्याच्या दोन्ही जातींच्या फांद्या घ्या आणि आपल्या रानात मिसळून लावा. प्रत्येक जातीच्या पिशव्यांवर खूण करायला विसरू नका.

तिसरी गोष्ट, झाड निरोगी पाहिजे. खोडावर नारंगी-तपकिरी ठिपके, खपल्या, मऊ पडलेले डाग, किंवा हिरव्यात फिकट चट्टे-पट्टे असतील तर त्या झाडाला हात लावू नका. ठिपक्यांचा रोग फांदीबरोबर तुमच्या रानात येतो आणि पुढं पावसाळ्यात पसरतो.

फांदी कापायची कशी?

आपल्याकडं फळं जून ते नोव्हेंबर असतात. त्यानंतर शेतकरी छाटणी करतात, तेव्हा फांद्यांचा ढीग बांधावर पडलेला असतो. एका वाढलेल्या खांबाच्या छाटणीत दहा-वीस कटिंग सहज निघतात. बऱ्याच ठिकाणी त्या फुकट किंवा चहापाण्यावर मिळतात.

ढिगातून निवडताना साधारण वर्षभराची, गर्द हिरवी, जाड फांदी घ्या. बोटानं दाबली तर टणक लागली पाहिजे. शेंड्याकडची पोपटी, लुसलुशीत फांदी दिसायला ताजी वाटते पण तीच आधी कुजते, कारण आतली काडी अजून धरलेली नसते. फार जुनी, चामड्यासारखी झालेलीही नको.

लांबी एक ते दीड फूट. आखूड नऊ इंचाचीही लागते, पण वाढायला वेळ घेते. धारदार सिकेटर किंवा सुरी वापरा. एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जाताना पातं स्पिरिटच्या बोळ्यानं पुसा किंवा लायटरवर शेकून घ्या. रोग पात्यावरून जातो.

आता एक युक्ती. फांदीच्या वरच्या टोकाला सरळ काप द्या. खालच्या टोकाला मात्र तिन्ही बाजूंचा मांसल भाग इंच-दीड इंच तिरका तासून पेन्सिलीसारखं टोक करा, म्हणजे आतली पांढरट काडी उघडी पडते. याचे दोन फायदे. मुळं याच काडीभोवती येतात, आणि बुळबुळीत गर मातीत न गेल्यानं कुज कमी होते. शिवाय खालचं टोक कुठलं, वरचं कुठलं हे विसरत नाही. फांदी उलटी लावली तर मुळाला उशीर लागतो आणि फुटवाही कमजोर निघतो.

वाळवणं: इथंच निम्मी रोपं जगतात किंवा मरतात

कापलेली फांदी त्याच दिवशी मातीत घालायची नाही. पडवीत, गोठ्याच्या कोरड्या कोपऱ्यात, झाडाखाली, जिथं वारा आहे पण थेट ऊन नाही, तिथं पोत्यावर किंवा बाजेवर सुट्या-सुट्या पसरून ठेवा. एकावर एक रचू नका. पाच ते सात दिवसांत कापलेल्या जागी कोरडी, पांढरट पापडी धरते. हात लावला तर बोट ओलं होत नाही. हवा ढगाळ असेल तर दहा दिवस लागतील, लागू द्या. फांदी थोडी सुरकुतली तरी घाबरू नका. दोन-तीन आठवडे सावलीत पडून राहिलेली फांदीसुद्धा नंतर मुळं धरते.

वाळवायच्या आधी कापलेलं टोक बुरशीनाशकात बुडवून काढलं तर चांगलं. कॉपर ऑक्सिक्लोराईड लिटरला ३ ग्रॅम, त्यात दहा मिनिटं. हातमोजे घाला, लहान मुलांना लांब ठेवा, आणि ते भांडं परत घरात वापरू नका. मुळं फुटायची पावडर दुकानात मिळते, पण या झाडाला तिच्यावाचून अडत नाही.

पिशवीत काय भरायचं?

एक भाग माती, एक भाग वाळू, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत. काळी चिकट माती असेल तर वाळू दुप्पट करा. शेणखत काळं, भुसभुशीत, वास न येणारं पाहिजे. उकिरड्यावरचं ताजं शेण घातलं तर उष्णतेनं आणि बुरशीनं टोक कुजतं.

पिशवी पाच बाय सात किंवा सहा बाय आठ इंचाची. विकत आणायची नसेल तर तेलाच्या धुतलेल्या पिशव्या, फुटक्या बादल्या, कापलेले डबे चालतात. तळाला आणि बाजूला आठ-दहा भोकं मात्र पाहिजेतच. पाणी थांबलं की रोप गेलं.

मिश्रण आदल्या दिवशी हलकं ओलं करून ठेवा. मुठीत दाबलं तर गोळा व्हावा, पण पाणी ठिबकू नये. मग तासलेलं टोक दोन इंच आत जाईल एवढीच फांदी खोवा. जास्त घट्ट उभी राहावी म्हणून चार-पाच इंच खोल घालायचा मोह होतो, तो टाळा. खोल गेली की कुजते. हलत असेल तर शेजारी तुरकाठी रोवून सुतळीनं सैल बांधा.

पाणी: कमी पडलं तर चालतं, जास्त झालं तर नाही

लावल्यावर पहिले पाच-सहा दिवस पाणी नाही. मिश्रणातली ओल पुरते. त्यानंतर झारीनं थोडं-थोडं, चार-पाच दिवसांतून एकदा. नियम एवढाच, बोट मातीत इंचभर घालायचं. ओलं लागलं तर झारी बाजूला ठेवायची. रोज संध्याकाळी तुळशीला घालतो तसं पाणी घातलं तर पंधरा दिवसांत पिशव्या रिकाम्या करायची वेळ येते.

साधारण दोन ते चार आठवड्यांत मुळं धरतात. थंडीत जास्त वेळ लागतो, म्हणून डिसेंबर-जानेवारीच्या कडाक्यात घाई न करता जानेवारी संपता-संपता पिशव्या भरलेल्या बऱ्या. मुळं आली का बघायला फांदी उपटू नका. दोन बोटांनी हलकेच वर ओढून बघा. जागेवर घट्ट वाटली म्हणजे मुळं आली. वरचा हिरवा कोंब साधारण महिना-दोन महिन्यांत दिसतो. कोंब उशिरा आला म्हणून फांदी मेली असं समजू नका. हिरवी आणि टणक आहे तोवर ती जिवंत आहे.

ऊन किती दाखवायचं?

निवडुंग म्हणजे उन्हातलं झाड, असं म्हणून कोवळं रोप एप्रिलच्या उन्हात ठेवलं तर ते पिवळं पडतं, मग पांढरट डाग पडतात आणि तिथून सडतं. मोठ्या झाडालासुद्धा आपल्या मे महिन्यात ऊन लागतं, मग हे तर बाळ. पिशव्या हिरव्या शेडनेटखाली, आंब्या-लिंबाच्या विरळ सावलीत किंवा घराच्या पूर्वेकडच्या भिंतीला ठेवा. सकाळचं ऊन मिळावं, दुपारचं चुकावं. शेडनेट नसेल तर जुन्या साडीचा मांडव चालतो. शेतात लावायच्या आधी पंधरा दिवस सावली थोडी-थोडी कमी करत न्या.

कोंब, आधार आणि खत

एका फांदीला तीन-चार कोंब फुटले की बरं वाटतं. पण वरच्या बाजूचा एक जोमदार कोंब ठेवून बाकीचे लहान असतानाच मोडा. पुढं याच एका कोंबाला खांबाच्या टोकापर्यंत जायचंय. चार कोंब ठेवले तर चारही रोड राहतात. कोंब वाढेल तसा काठीला सैल बांधत जा. आवळून बांधला तर सुतळी गरात रुतते आणि तिथून बुरशी शिरते.

मुळं धरेपर्यंत कुठलंच खत नाही. कोंब बोटाएवढा झाला की मूठभर गांडूळखत पिशवीत वरून पसरा. विद्राव्य १९:१९:१९ द्यायचं असेल तर लिटरला २ ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा, तेही पाण्याच्या पाळीबरोबरच.

काय बिघडतं आणि तेव्हा काय करायचं?

फांदी खालून तपकिरी, मऊ झाली आणि वास यायला लागला म्हणजे कुज. लगेच उपटा, कुजलेला भाग कापून टाका. आतला गर स्वच्छ हिरवा-पांढरा दिसेपर्यंत वर-वर कापत या, परत आठवडाभर वाळवा आणि नव्या मिश्रणात लावा. बऱ्याच वेळा रोप वाचतं. ती जुनी माती मात्र दुसऱ्या पिशवीत वापरू नका.

कोंबाचं टोक कुरतडलेलं दिसलं तर मुंग्या किंवा गोगलगायी बघा. गोगलगायी रात्री येतात, बॅटरी घेऊन वेचा आणि मिठाच्या पाण्यात टाका. पिशव्यांच्या मुळाशी मीठ टाकू नका. पांढरा कापसासारखा पिठ्या ढेकूण दिसला तर थोड्याच रोपांवर असतो तोवर ओल्या फडक्यानं पुसून काढता येतो. नारंगी ठिपक्यांचं रोप दिसलं तर दया न दाखवता उचलून जाळा.

विकायचं किंवा अनुदान घ्यायचं असेल तर

स्वतःच्या रानासाठी रोपं करायला कुणी अडवत नाही. पण रोपं करून विकायचा विचार असेल तर फळरोपवाटिकेचा परवाना लागतो. महाराष्ट्रात त्यासाठी १९६९ पासून कायदा आहे. तसंच ड्रॅगन फ्रूट लागवडीला फलोत्पादन अभियानातून अनुदान आहे, त्याचा अर्ज महाडीबीटीवर होतो. अनुदान घ्यायचं असेल तर रोपं कुठून घ्यायची, बिलं कशी लागतात, हे आधी गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्याला विचारून घ्या. घरच्या रोपाचं बिल नसतं. रोपांवर पैसे वाचवायला जाऊन अनुदान हातचं जायला नको. या पिकाची शास्त्रीय माहिती हवी असेल तर बारामतीजवळ माळेगावला केंद्र सरकारची अजैविक ताण व्यवस्थापन संस्था आहे. तिथं ड्रॅगन फ्रूटवर काम चालतं.

कुंडीतल्या आणि चाऱ्याच्या निवडुंगालाही हीच रीत

ज्यांना शेती करायची नाही पण दारात निवडुंगाची कुंडी हवी, त्यांनाही हेच लागू आहे. फड्यासारख्या जातीचं पान सांध्यातून चिमट्यानं तोडा, खांबासारख्या उभ्या निवडुंगाचा शेंडा कापा, गोल निवडुंगाच्या बुडाशी आलेली पिल्लं हलकेच सुटी करा. वाळवा, वाळू जास्त असलेल्या मातीत ठेवा, आठवड्यानं थोडं पाणी द्या. काटे बोटात शिरू नयेत म्हणून वर्तमानपत्राची जाड घडी करून धरा.

जनावरं असणाऱ्यांनी बिनकाट्याच्या निवडुंगाची चौकशी जरूर करावी. उरुळीकांचनच्या बाएफ संस्थेनं चाऱ्यासाठी त्यावर काम केलंय. त्याचं पानही असंच वाळवून लावतात. त्यात पाणी भरपूर आणि तंतू कमी, म्हणून तो एकटा चारायचा नसतो, कडब्यात मिसळून द्यायचा.

महिन्याचा हिशेब

ऑगस्ट-सप्टेंबरात फळ बघून झाडांना दोरी बांधा. नोव्हेंबर-डिसेंबरात छाटणीच्या फांद्यांचं बोलून ठेवा. जानेवारीच्या शेवटाला फांद्या आणून तासा, वाळवा. फेब्रुवारीत पिशव्या भरा. मार्च ते मे सावली आणि बेताचं पाणी. जून-जुलैत पाऊस चांगला झाला की खांबाच्या चारी बाजूंना एकेक रोप लावा. पिशवीत जेवढं खोल होतं तेवढंच जमिनीत ठेवा, आणि बुडाशी पाणी साचू नये म्हणून मातीचा उंचवटा करा.

आणि पहिल्याच वर्षी एकराची उडी नको. पाच खांब उभे करा, वीस रोपं लावा. आपली माती, आपलं पाणी, आपला मे महिना त्यांना मानवतो का ते बघा. मानवला तर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी त्याच वीस झाडांच्या छाटणीतून पुढची रोपं घरातच तयार होतील, आणि फळ कसलं निघणार हे तोवर तुम्ही स्वतः चाखलेलं असेल.